नख चढतंय का अडकतंय

आत्या, तुझ्या दहाव्याला कुंडलिकेच्या काठावर गॅरेजवाले नामदेवदादा माझ्या शेजारी बसले होते. आंघोळ करून आले होते, तरी नखांत ग्रीस होतंच. पिंड ठेवून बराच वेळ झाला होता आणि कावळा झाडावरून खाली उतरत नव्हता. बाबा हात जोडून तुला सांगत होते की तुळशीला पाणी घालू, घर बंद ठेवणार नाही, तू काळजी करू नकोस. कावळ्यावर माझा विश्वास नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यावरून मी तुझ्याशी भांडले होते, तेही पितृपक्षात, पानं वाढलेली असताना. तरीही त्या दिवशी मी त्या झाडाकडे बघायचं टाळत होते.

तुला वहिनी म्हणणारे नामदेवदादा माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "ते पत्रक कुणी काढलं, ते वहिनींना माहीत होतं. मी दोनदा विचारलं. म्हणायच्या, ज्यानं काढलं तो सांगेल. तुला काय बोलल्या होत्या काय गो कधी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

थोड्या वेळाने कावळा आला. त्याला भूक लागली असेल. सगळे सुटल्यासारखे उठले आणि मी ओल्या वाळूत तशीच बसून राहिले. त्या प्रश्नाचं उत्तर जगात दोघींना माहीत होतं. तू गेल्यावर मला एकटीला माहीत होतं.

म्हणून हे लिहिते आहे. तू कधी जन्मलीस, तुला कुठे दिलं, किती सोसलंस, यातलं काहीही मी लिहिणार नाही. तशा लेखांना तू काय म्हणायचीस ते माझ्या लक्षात आहे. पेपरातला एखादा श्रद्धांजलीचा मजकूर वाचून दाखवला की म्हणायचीस, तीन हात रंग मारलाय, खाली माणूस कुठं हाय?

रंगाचं तुला कळत होतं. पेणजवळच्या हमरापूरला आजोबांच्या गणपतींच्या कारखान्यात तू रंगातच वाढलीस. पण रंगकाम पुरुषांकडे. साच्यातून मूर्ती निघाली की तिच्या कडेने एक उभी रेघ राहते, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली. ती शिवण कोरणीने खरवडायची, पॉलिशपेपरने घासायची आणि गणपती साच्यातून आलाय हे कुणाला कळू द्यायचं नाही, हे काम बायकांचं. लग्न होऊन रोह्याला आलीस तेव्हा माहेरची एक बांबूची कोरणी तू ट्रंकेत घालून आणलीस. काका, म्हणजे तुझे यजमान, नामदेवदादांच्या गॅरेजात फिटर. एकदा ते जुन्या मोटारसायकलचं इंजिनाचं झाकण घरी घेऊन आले आणि पडवीत बसून पत्र्याच्या तुकड्याने त्याचा रंग खरवडायला लागले. तू थोडा वेळ बघितलंस आणि त्यांच्या हातातून ते काढून घेतलंस. अल्युमिनियमला पत्रा लावतात काय, म्हणालीस, गालावर ओरखडे काढल्यासारखं केलंत. मग तुझी कोरणी काढलीस. हा किस्सा काका गेल्यावरही नामदेवदादा सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, त्या दिवशी माझा फिटर गेला आणि पॉलिशवाली आली.

मला आठवते ती तुझी पडवी. रिमूव्हर ब्रशने लावून तू झाकण उन्हापासून दूर ठेवायचीस. दहा मिनिटांत रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतायचा, वर उचलला जायचा. तो कोरणीने काढायचा, रॉकेलने धुवायचा, कोपऱ्यातला राहिलेला जुन्या दातांच्या ब्रशने. मग पाण्यातला पेपर. आधी खरखरीत, मग त्याहून बारीक, मग त्याहून. प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा फिरवायचा, आणि आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. सगळ्यात शेवटी बफचं चाक आणि त्याला लावायचा तो साबणासारखा तांबूस वडीचा तुकडा. मला नेहमी थेट बफवर जायचं असायचं. चमक येताना बघायला मजा यायची. तू हात धरून थांबवायचीस. "रेघा राहिल्या तर चमकल्यावर जास्त दिसतात गो," म्हणायचीस.

माझं लिहिणंही तसंच होतं, हे तू मला सांगितलंस. मी रागावले होते.

रागवायचं कारण तुला माहीत होतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचे. अक्षरं जोडायला मी त्यांवरूनच शिकले. "जाहीर निषेध" हे शब्द मला "कमळ"च्या आधी वाचता आले असतील. मला अजूनही वाटतं की एक पानभर खरं लिहून चौकात वाटण्याइतकं स्वच्छ काम दुसरं नाही. यावर तुझं माझं शेवटपर्यंत जमलं नाही. तू म्हणायचीस, सांगायचंय तर ज्याचं त्याला तोंडावर सांगावं. मी म्हणायचे, तोंडावर सांगितलेलं दाबता येतं. छापलेलं दाबता येत नाही.

हातमोज्यांचं भांडणही त्यातलंच. रिमूव्हरने तुझ्या बोटांची सालं निघत होती, पडवीत उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. मी रबरी हातमोजे आणले, तोंडाला बांधायला मास्क आणला, डब्यावरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस की मोजा घातला तर नखाला कळत नाही. शेवटी तह झाला. रिमूव्हर धरायच्या डाव्या हातात मोजा, उजवा उघडा. अर्धं तुझं, अर्धं माझं. गल्लीतल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, वहिनींनी एकाच हाताची लाज ठेवलीय. तू पण हसायचीस. पण यात मी बरोबर होते, आत्या, आणि हे मी तू गेल्यावरही मागे घेणार नाही. तुझ्या छातीत शेवटी जे झालं ते त्या वासाने झालं का, हे मात्र मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही खात्रीने सांगता आलं नाही. म्हणून मी ते लिहीत नाही. चार वर्षांपूर्वीची मी असते तर लिहिलं असतं, तेही जाड अक्षरांत.

आता चार वर्षांपूर्वीचं.

गणपतीच्या आधी दरवर्षी तू पंधरा दिवस हमरापूरला जायचीस, चुलतभावाच्या कारखान्यात शिवणी घासायला. त्या वर्षी तू गेलीस तेव्हा पडवीत एका सहा आसनी रिक्षाची क्रँककेस पडली होती, म्हणजे ज्याच्या पोटात इंजिन फिरतं ते अल्युमिनियमचं खोकं. रिक्षा रोज शाळेची मुलं घेऊन भिसे खिंड चढायची. इंजिनातून तेल गळतंय म्हणून नामदेवदादांनी ते उघडलं होतं आणि रंग काढून तपासायला तुझ्याकडे टाकलं होतं. तू रिमूव्हर लावून अर्धं काम करून गेलीस. मी तुळशीला पाणी घालायला, मांजराला दूध ठेवायला यायचे. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष त्या खोक्याकडे गेलं.

एका बाजूने रंग पूर्ण निघाला होता आणि उघड्या धातूवर वरून खालपर्यंत एक काळी रेघ होती. शेजारी लांबी भरलेली, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी. माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. तेल गळतंय, तडा आहे, तडा पुट्टीने बुजवलाय, वर रंग मारलाय, आणि त्यात मुलं बसतात. मी फोनने फोटो काढला. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. गॅरेजचं नाव घातलं नाही, पण वरसे रस्त्यावरचं जुनं गॅरेज म्हटल्यावर रोह्यात कुणाला विचारावं लागत नाही. तडे गेलेली इंजिनं रंगवून रस्त्यावर आणणारे, मुलांच्या जिवाशी खेळणारे, असं सगळं. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. "नागडा धातू खोटं बोलत नाही." खाली सही, "एक जागरूक रोहेकर."

तुला फोन करून विचारावं, असं मनात आलं होतं. खरं सांगते, आलं होतं. तू थांब म्हणशील अशी भीती वाटली, म्हणून केला नाही.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढून स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी, पानाच्या टपऱ्यांवर ठेवली. दोन दिवसांत नामदेवदादांच्या गॅरेजासमोरची रिक्षांची रांग गेली. कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. लोक नुसते पुढच्या गॅरेजात गेले. शाळेत पालक भांडले आणि त्या रिक्षावाल्याकडची मुलं कायमची दुसऱ्या गाडीला लावली. मी घरी बसून हा विजय मोजत होते.

तू पेणहून एसटीने परत आलीस तेव्हा स्टँडवरच्या टपरीवर ते चिकटवलेलं होतं. तू तिथे उभी राहून वाचलंस. घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणालीस, "माझं बोलणं माझ्याआधी रोह्याला पोचलं व्हय?"

नागडा धातू हा तुझा शब्द होता. रंग काढलेल्या भागाला रात्रभर तसं ठेवू नये, तेलाचा हात फिरवावा, हे सांगताना तू म्हणायचीस, नागडा हाय तो, त्याला वारा लागतो. एका शब्दावरून तू मला ओळखलंस. मी नाकारलं नाही. उलट छाती पुढे काढून सांगितलं की तुझ्याच पडवीत पुरावा आहे.

तू मला क्रँककेसजवळ नेलंस. रागावली नव्हतीस, त्याचीच मला भीती वाटली. "नख फिरव," म्हणालीस. "रेघेवरून आडवं फिरव. चढतंय का अडकतंय?"

मी फिरवलं. नख त्या रेघेवरून हलकंसं वर चढलं आणि पलीकडे उतरलं.

"तडा असता तर नख आत अडकलं असतं," म्हणालीस. "ही शिवण हाय. साच्याची. गणपतीला असती तशी. तिच्या कडेला रंग धरून राहिलाय म्हणून काळी दिसती."

मी म्हटलं की नखाने काय सिद्ध होतं. तेव्हा तू रॉकेलची बाटली आणलीस. त्या रेघेवर रॉकेल ओतलंस, थोडा वेळ मुरू दिलंस, फडक्याने कोरडं पुसलंस आणि शाळेतला पांढरा खडू घेऊन सगळ्या रेघेवर जाड घासलास. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडू ओला होऊन काळी रेघ उमटते, हे तू मला सांगितलंस आणि मग आपण दोघी तिथे बसलो. तू चहाही टाकला नाहीस. मी त्या खडूकडे बघत होते. आत्या, आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून इच्छा करत होते की मुलांच्या गाडीच्या इंजिनाला तडा असावा.

खडू पांढराच राहिला.

तेल झिजलेल्या पॅकिंगमधून गळत होतं. लांबी आधीच्या कुणीतरी खडबडीत जागा सपाट दिसावी म्हणून भरली होती. नामदेवदादांनी ते खोकं तुझ्याकडे पाठवलं होतं तेच मुळी तडा नाही ना हे बघायला. ज्या गोष्टीचा मी त्यांच्यावर आरोप केला, ती न होण्यासाठीच ते झटत होते. आणि मी कोण? तीन पिढ्या साच्यातल्या शिवणी घासणाऱ्या घरातली मुलगी. रायगडातल्या दुसऱ्या कुणाला ती रेघ तडा वाटली असती तर समजण्यासारखं होतं.

पुढे तू जे केलंस ते मी लांबून, दुकानाच्या आडोशाला उभी राहून बघितलं. तू ते खोकं रिक्षात घालून स्टँडवर नेलंस. रिक्षावाल्यांच्या कट्ट्यावर ठेवलंस आणि प्रत्येकाला नख फिरवायला लावलंस. मग रॉकेल, मग खडू. एकाने टोमणा मारला की वहिनी, नामदेव तुम्हाला काम देतो म्हणून तुम्ही बोलणारच. तू खडू त्याच्या हातात दिलास आणि म्हणालीस, मी नाय बोलत, तूच घास. त्याने घासला. ऊन चढलं होतं, तू पदर डोक्यावर ओढून उभी राहिलीस आणि खडू वाळेपर्यंत हलली नाहीस. हे पत्रक कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तू इतकंच म्हणालीस की ज्यानं काढलं तो सांगेल.

गिऱ्हाईक परत आलं, पण सावकाश. दिवाळी झाली तरी ती रांग पहिल्यासारखी नव्हती. त्या क्रँककेसला रंग मारून द्यायची वेळ आली तेव्हा तू नामदेवदादांना थांबवलंस आणि ती शिवण जिथे होती तेवढी दोन बोटं पट्टी पेपर मारून, बफ लावून आरशासारखी केलीस. शिवण मात्र घासली नाहीस. जन्मभर शिवणी नाहीशा करणारी तू, ही एक ठेवलीस. बाकीच्याला रंग मारा, म्हणालीस, हिला नको.

आणि मला म्हणालीस, "मी माझ्या हातचं केलं. तुझं तू काढ."

मी काढलं नाही. चार वर्षं काढलं नाही. कारणं माझ्याकडे खूप होती आणि सगळी मोठी होती. खुलासा काढला तर पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवणार. बाबांचं नाव जाईल. ज्यांच्याविरुद्ध खरोखर लिहायचंय ते हे पत्रक नाचवतील. तू सगळं ऐकायचीस आणि म्हणायचीस, म्हणजे अजून एक हात रंग. मी म्हणायचे, लोक विसरले आता. तू म्हणायचीस, नामदेव नाय विसरला. वाद तिथेच थांबायचा, दरवेळी. तू मला एकदाही धमकी दिली नाहीस की तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. मला कधी कधी वाटतं, दिली असतीस तर बरं झालं असतं. मी तुझ्याशी भांडले असते आणि ते करून मोकळी झाले असते. तू वाट बघितलीस. वाट बघणाऱ्याशी भांडता येत नाही.

त्यानंतर मी जे काही लिहिलं ते छापायच्या आधी तुला वाचून दाखवलं. नदीच्या पाण्याबद्दल, वाडीवरच्या बायकांच्या मजुरीबद्दल. तू हातातलं काम न थांबवता ऐकायचीस. शेवटी एकच प्रश्न. चढतंय का अडकतंय? मी परत जायचे, माणसांना भेटायचे, कागद बघायचे. दोन वेळा मी लिहिलेलं फाडलं. बाकीच्या वेळी छापलं आणि ते टिकलं, कुणाला खोडता आलं नाही. त्याचं श्रेय लोक मला देतात. आज पहिल्यांदा सांगते की ते कुणाचं होतं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुला बोलायला दम लागायचा. एका दुपारी तू पलंगाच्या लोखंडी दांडीवरून नख फिरवत होतीस. रंगाचा पापुद्रा उडाला होता तिथे. म्हणालीस, "गंजावरच मारलाय मेल्यांनी." मी हसले. मग तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुझं राहिलंय." मी विचारलं, काय, औषध? तुला कळलं की मला कळलंय. तू डोळे मिटलेस. मी तुझा उजवा हात धरून बसले, सालं निघालेल्या बोटांचा, आणि तेव्हाही बोलले नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

मी सांगेन, हे तुला म्हणायचं राहिलं ते राहिलंच. पण ज्याला सांगायचं होतं तो माणूस जिवंत आहे. दहाव्याला मी त्याच्यासमोर मान हलवली, ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला सहन होईना.

म्हणून हा लेख छापायला देण्याआधी काल सकाळी मी गॅरेजवर गेले. नामदेवदादा एका रिक्षाच्या मागे वाकले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ते पत्रक मी काढलं होतं. तडा नव्हता, शिवण होती. मला त्याच आठवड्यात कळलं होतं आणि चार वर्षं मी गप्प बसले.

ते सरळ झाले. फडक्याला हात पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले. मग आत गेले आणि पान्यांच्या खणातून एक कागद घेऊन आले. घडीवर फाटलेला, तेलाचे डाग पडलेला. त्यांनी तो रिक्षाच्या सीटवर पसरला, खिशातलं बॉलपेन माझ्यासमोर ठेवलं.

"खाली नाव घाल," म्हणाले.

मी "एक जागरूक रोहेकर" खोडलं आणि माझं नाव लिहिलं. त्यांनी कागद परत घडी करून खिशात टाकला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही मागितलं नाही. मग ते पुन्हा कामाला वाकले, आणि थोड्या वेळाने तसेच वाकलेले असताना त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. ती तीच रिक्षा होती. इंजिनावरचा सगळा रंग धुळीने मळला होता आणि मध्ये दोन बोटांची ती पट्टी चकचकत होती. ते दर सर्व्हिसिंगला तिच्यावर तेलाचा हात फिरवतात. वहिनींनी सांगितलं होतं, म्हणाले.

मी नख फिरवलं, आत्या. चढलं.

उद्या हा लेख मी त्याच स्टँडवर, त्याच शाळेच्या फाटकाशी, त्याच टपऱ्यांवर वाटणार आहे. खाली नाव घालून.

तुझी भाची,
प्रज्ञा